कूसिकूच्या चुलीचा विमा

मित्रांनो, जुन्या चुली खोटे बोलत नाहीत. थोडे फुगवून सांगतात, एवढेच. आणि त्यात त्यांचा दोष तो काय? आतली हवा तापली की फुगणारच. मी अशीच एक जुनी चूल आहे. ऐकताना जिथे विश्वास बसणार नाही तिथे नुसती मान डोलवा. बाकीचे सगळे खरे आहे.

चूल म्हटल्यावर तुम्ही मातीची, भाकरी भाजायची चूल डोळ्यांपुढे आणाल. ती माझी धाकटी बहीण. मी विटांची आहे, बाहेरून पांढऱ्या चकचकीत फरश्यांची, उंचीने थेट छताला टेकलेली आणि रुंदीला दोन गायी शेजारी शेजारी उभ्या कराव्यात एवढी. सकाळी माझ्या पोटात बर्चची लाकडे घालतात. ती जळून निखारे विझत आले की वरची झडप लावतात, आणि मग मी दिवसभर काही न करता बसून असते. बसल्या बसल्या विटांतून ऊब सोडते, आणि सगळे घर म्हणते की चूल काम करते आहे. असे काम जगात दुसऱ्या कोणाला मिळाले असेल असे मला वाटत नाही. माझी एक बाजू स्वयंपाकघरात आहे, दुसरी बैठकीत, आणि पाठ झोपायच्या खोलीत. त्यामुळे माझ्या पाठीमागे काय बोलले जाते तेही मला नीट ऐकू येते.

कूसिकू हे आमच्या घराचे नाव. एस्टोनियाच्या दक्षिणेकडे, जंगलाच्या कडेला, ओंडक्यांचे घर. ते बांधले विल्लेम नावाच्या शेतकऱ्याने आणि मला बांधले याकुप नावाच्या कारागिराने. चूल बांधणाऱ्या माणसाला जेवणात कमी पडू द्यायचे नाही, हा आमच्याकडचा फार जुना नियम. पण विल्लेमची बायको लोविसे हाताने जरा आखडती होती. ती पावावर लोणी इतके पातळ लावायची की त्या पावातून पलीकडचे वर्तमानपत्र वाचता यावे. याकुपने जाता जाता एका फुटक्या बाटलीचे तोंड माझ्या धुराड्यात लिंपून टाकले. पहिला उत्तरेचा वारा सुटला आणि मी अशी काही हंबरले, की तीन गावांचे लांडगे आमच्या अंगणात येऊन बसले; त्यांना वाटले इथे कोणाचे तरी लग्न आहे. दुसऱ्या दिवशी विल्लेम स्वतः लोण्याचा अख्खा डबा घेऊन याकुपच्या दारात उभा. याकुपने येऊन बाटली काढली, लांडगे घरी गेले, आणि तेव्हापासून मी अबोल झाले असे लोक म्हणतात. ते तुम्ही ठरवा.

पुढे माझे दिवस भरभराटीचे गेले. एका हिवाळ्यात तर थंडी अशी पडली, की माझा धूर धुराड्यातून निघून सरळ काठीसारखा उभा राहिला आणि त्याच्या टोकावर कावळा येऊन बसला. दुपारी आग विझली तरी धूर काही हलेना. शेवटी विल्लेमने कुऱ्हाड घेऊन तो बुंध्यातून तोडला. माझ्या माथ्यावर लोकरीचे मोजे वाळले, जंगलातल्या अळंब्या वाळल्या, सफरचंदाच्या चकत्या वाळल्या. मांजरांच्या किती पिढ्या माझ्या कडेवर झोपून म्हाताऱ्या झाल्या, ते मांजरांनाच ठाऊक. मग एका मार्च महिन्यात सोव्हिएत शिपाई आले आणि घरातली माणसे सैबेरियात नेली गेली. त्या वर्षांबद्दल मी फुगवूनही सांगत नाही आणि कमीही करून सांगत नाही. मी थंड होते, एवढेच. जे परत आले त्यांनी आधी मला पेटवले आणि मग एकमेकांशी बोलायला सुरुवात केली.

आमची हेल्यू या घरात सून म्हणून आली ती याच्याही नंतर. लग्नाच्या जेवणाला सगळे टेबलाशी बसले होते आणि ही नवरी ताट घेऊन माझ्याजवळच्या बाकावर आली, पाठ टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली की आता मला कोणी उठवू नका. सासूने भुवया उंचावल्या. मला मात्र तेव्हाच कळले की ही मुलगी माझी आहे. आता तिला एकोणऐंशीवे चालू आहे आणि ती अजून त्याच बाकावर पाठ टेकते.

मधल्या काळात मला वाईट दिवसही आले, तेही सांगितले पाहिजे. हेल्यूचा मुलगा तार्वो मोठा झाला, तार्तू शहरात नोकरीला लागला आणि एका नाताळात विजेचा हीटर घेऊन आला. दोन-तीन हिवाळे माझ्या माथ्यावर फुलांच्या कुंड्या आणि जुनी मासिके होती. मित्रांनो, ज्या चुलीवर जिरॅनियम ठेवतात तिला आपली किंमत कळून चुकते. मग एका वादळात झाडे पडली, तारा तुटल्या, अख्ख्या परिसराची वीज गेली, आणि शेजारपाजारचे लोक गाद्या गुंडाळून कूसिकूच्या दारात हजर. पलीकडचा एल्मार तर आपली बकरीही घेऊन आला. म्हणाला, ती एकटी घाबरते. मी त्या सगळ्यांना शेकले, बकरीसकट. जिरॅनियम खिडकीत गेले ते कायमचे.

आता विम्याची गोष्ट. विमा म्हणजे दरवर्षी थोडे पैसे द्यायचे आणि ते पैसे वाया जावेत अशी मनापासून इच्छा करायची. घर जळले तर कंपनी भरपाई देते. न जळले तर आपण आनंदाने पुन्हा हप्ता भरतो. कूसिकूचा विमा कित्येक वर्षे मुकाट्याने पुढे जात होता. पण या शरद ऋतूत कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, प्रश्न भरपूर. घर कशाने तापवता, असे तिने विचारले. हेल्यूला असे प्रश्न आवडतात. तिने अभिमानाने सांगितले की एक मोठी चूल आहे, एक स्वयंपाकाची, आणि अंगणात सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, खोली आहे तिच्यात तिसरी. धुराडे कोण साफ करते? नवरा होता तोवर तो, आता मीच. शिवाय दर शनिवारी बटाट्याच्या साली जाळते, त्याने काजळी सुटते. परवाना असलेल्या माणसाने शेवटचे कधी तपासले? हेल्यूने विचार करून सांगितले की ज्याने तपासले होते तो आता स्वर्गात धुराडी साफ करत असेल. सरपण कुठे रचता? घराच्या भिंतीला लागून, पार वळचणीपर्यंत, सगळे रचतात तसे. आणि गरम राख? ओसरीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यात.

प्रत्येक उत्तराबरोबर त्या मुलीचा आवाज थोडा बारीक होत गेला आणि हप्ता थोडा जाड. शेवटी तिने जो आकडा सांगितला तो जवळजवळ दुप्पट होता. हेल्यूची पेन्शन केवढी, घर केवढे. नाकापेक्षा मोती जड झाला. पण मुलगी वाईट नव्हती. तिने समजावून सांगितले की लाकडाने तापणाऱ्या घरांना आगी जास्त लागतात, म्हणून कंपनी घाबरते, आणि घाबरलेली कंपनी जास्त पैसे मागते. तिची भीती घालवली तर हप्ता उतरेल. सरपण भिंतीपासून दूर न्या, चुलीच्या तोंडापुढे पत्रा ठोका, राखेला झाकणाची लोखंडी बादली घ्या, धूर ओळखणारे यंत्र लावा, आणि मुख्य म्हणजे परवाना असलेल्या माणसाकडून धुराडे तपासून घ्या. नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणापर्यंत त्याचा दाखला आला तर हप्ता जवळपास पूर्वीचाच राहील. चूल धोक्याची आहे असे त्याने लिहिले, तर मात्र आगीचा विमाच मिळणार नाही.

त्या रविवारी तार्वो आला. सगळे ऐकून तो माझ्याकडे पाहत उभा राहिला, आणि त्या नजरेने माझ्या विटा गार झाल्या. तो म्हणाला की इतकी यातायात कशाला, चूल पाडून टाकू, त्या जागी हवेवर चालणारा हीट पंप बसवू. पंपवाल्याचा नंबर त्याने आणलाच होता. नाहीतर आईने हिवाळ्यापुरते तार्तूला त्याच्या फ्लॅटवर यावे. विम्याशिवाय तिला या घरात एकटी ठेवणार नाही, हे त्याने दोनदा सांगितले. हेल्यू म्हणाली की तार्तूच्या फ्लॅटमध्ये पाठ टेकायला आहे काय, फ्रीज? बरीच बोलाचाली होऊन ठरले ते असे: मार्टिनच्या सणापर्यंत दाखला आला तर चूल राहील. नाही आला तर पंपवाला येईल आणि चूल जाईल.

म्हणजे मित्रांनो, माझ्या आयुष्याची मुदत ठरली. आणि मी गेले तर कूसिकूत हेल्यू किती दिवस राहील, हे मला तिच्यापेक्षाही नीट माहीत होते.

एल्मारला हे कळले तेव्हा तो पायातले बूटही न काढता आत आला. एल्मार विधुर आहे, हेल्यूहून वर्षाने लहान, आणि सल्ला देण्यात गावात त्याचा हात कोणी धरत नाही. त्याचे म्हणणे असे की कंपनीला परत फोन करायचा आणि सांगायचे की माझी ऐकण्यात चूक झाली, घरी विजेचा हीटर आहे, आणि ती मोठी पांढरी वस्तू म्हणजे कपाट.

"चुलीत घाल तो विमा," तो म्हणाला. "विचारतात कशाला एवढं? मी तर माझ्या घरी चूलच नाही म्हणून लिहून दिलंय."

"आणि उद्या तुझं घर जळलं, तर काय कपाटाने पेट घेतला म्हणून सांगशील?" हेल्यूने विचारले. "विमा काढायचा आणि वर खोटं बोलायचं, म्हणजे छत्री विकत घेऊन तिला भोक पाडायचं, एल्मार. बूट काढ."

मग कामाला लागले दोघे. सरपणाची सगळी रास भिंतीपासून उचलून कुंपणाजवळ नेली. एल्मार दर दहा ओंडक्यांनंतर म्हणायचा, माझ्या कमरेची भरपाई आता कंपनीकडून घे, आणि पुन्हा वाकायचा. माझ्या तोंडापुढे नवा पत्रा आला. त्यात मी स्वतःला प्रथमच पाहिले आणि खरे सांगते, अजून बरी दिसते. झाकणाची बादली आली. छतावर धुराचे यंत्र बसले, आणि हेल्यूने पॅनकेक करायला घेताच ते असे किंचाळले की एल्मारची बकरी पलीकडच्या गोठ्यात नाचू लागली.

एवढ्यावर थांबली असती तरी चालले असते. पण धुराडे तपासायला परवानेवाले माणूस येणार, म्हणजे पाहुणाच, आणि आमच्याकडे पाहुणे यायचे म्हणजे चुना लागलाच पाहिजे. माळ्यावर, छपराच्या आत, माझे धुराडे उघडे उभे असते, आणि त्याला पांढरा चुना लावायची रीत आमच्या भागात घरोघरी आहे. सासूने सुनेला शिकवायचे, सुनेने लावायचा. का लावायचा हे विचारत बसायला कोणाला वेळ होता? हेल्यूच्या लेखी ती इज्जतीची गोष्ट होती. तपासणीच्या आदल्या दिवशी ती दोन्ही दुखरे गुडघे घेऊन शिडीने वर चढली, बादली दोरीने ओढून घेतली, आणि धुराड्याला असे दोन हात चढवले की ते लग्नातल्या नवरदेवाच्या सदऱ्यासारखे पांढरेशुभ्र झाले.

धुराडे साफ करणारी आली ती एक तरुण मुलगी. पिरेट तिचे नाव. काळा पोशाख, पितळी बटणे, खांद्यावर साखळी आणि ब्रश. आमच्याकडे धुराडेवाला दिसला की चटकन आपल्या बटणाला हात लावायचा, म्हणजे भाग्य उजळते. हेल्यूने आपल्या झग्याच्या बटणाला हात लावला. एल्मारच्या स्वेटरला बटणच नव्हते, तेव्हा त्याने विचारले की तुझ्या बटणाला हात लावला तर दुप्पट भाग्य मिळेल का. पिरेट म्हणाली, आजोबा, दुप्पट काजळी मिळेल.

तिने छपरावर चढून माझ्या घशात ब्रश सोडला. मित्रांनो, वर्षानुवर्षे कफ अडकलेला असावा आणि कोणी एका झटक्यात तो काढावा, तसे मला झाले. कावळ्यांचे जे घरटे निघाले त्यात एवढ्या काटक्या होत्या, की त्यांवर आठवडाभर सौना तापली. दोन चमचे निघाले, एक दाराची किल्ली निघाली, आणि मी शपथेवर सांगते, एक पंचायतीची खुर्ची निघाली. बरे, खुर्ची नसेल. खुर्चीचा पाय होता.

मग पिरेट टॉर्च घेऊन माळ्यावर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. हेल्यू शिडीखाली उभी होती, कौतुक ऐकायला. पिरेटने वरूनच विचारले की हा चुना कधी लावला. हेल्यूने सांगितले, काल, खास तुझ्यासाठी.

पिरेट खाली आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. हसावे की रडावे हे तिला कळत नव्हते. "आजी, चुना शोभेसाठी नसतो," ती म्हणाली. "विटेतून धूर झिरपला तर पांढऱ्यावर काळं उमटतं, म्हणून तो लावायचा. तुम्ही कालच सगळं झाकून टाकलंत. आता त्याच्याखाली काय आहे, ते मी कशावरून लिहू?"

हेल्यू अशी उभी राहिली, जशी परीक्षेला जाताना पाटी धुऊन गेलेली मुलगी. मला सांगायला आवडेल की मी आतून आश्वासक काहीतरी गडगडले. पण नाही. कारण मला स्वतःला तरी कुठे माहीत होते? आपली पाठ आपल्याला दिसते का कधी?

पिरेटने दाखला दिला नाही, पण वाटही बंद केली नाही. चूल रोज नेहमीसारखी पेटवा, म्हणाली, चुन्याला कोणी हात लावू नका, मी तीन आठवड्यांनी येते. तेव्हा चुना पांढरा असेल तर सही करीन. मार्टिनच्या सणाला थोडे दिवस उरतील, पण पुरतील.

त्या तीन आठवड्यांत मी जशी जळले तशी तरुणपणीही जळले नसेन. हेल्यू रोज पहाटे लाकडे घालायची. गुडघ्यांमुळे तिला पुन्हा शिडी चढवेना, म्हणून एक दिवसाआड एल्मार टॉर्च घेऊन माळ्यावर जायचा आणि वरून ओरडायचा की पांढरे आहे, दुधासारखे. पुढच्या वेळी ओरडायचा, पांढरे आहे, ताकासारखे. खाली येऊन कॉफी आणि कांद्याचा पाव खायचा. मला वाटते काही वेळा तो फक्त कांद्याच्या पावासाठीच वर जायचा.

एके दिवशी तो वर गेला आणि ओरडला नाही. खाली आला तेव्हा त्याच्या तोंडावर एकही विनोद नव्हता. एल्मारचे असे तोंड मी त्याच्या बायकोच्या अंत्यविधीनंतर पाहिले नव्हते.

"हेल्यू, वर एक रेघ आलीय," तो म्हणाला.

"केवढी?"

"करंगळीएवढी. तुळईच्या बाजूला." त्याने शिडीकडे पाहिले. "चुन्याची बादली वरच आहे. एक हात मारतो. ती पोरगी येईल, पांढरं बघेल, सही करेल. तुझी चूल राहील, तू राहशील. मला भांडायला कोणीतरी राहील."

हेल्यू पाव कापत होती. सुरी तिथेच राहिली. मी निखाऱ्यांवर होते. हे नुसते म्हणायचे म्हणून म्हणत नाही. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की चुलीने मनात म्हटले असेल, नको, खरे बोल. छे. मी म्हणत होते, मारू दे गं हात. करंगळीएवढी तर रेघ. मला अजून जगायचे होते.

हेल्यू येऊन बाकावर बसली आणि तिने पाठ टेकली. एल्मारने कॉफीत तिसऱ्यांदा साखर घातली.

"कंपनीला फसवता येईल रे," ती शेवटी म्हणाली. "आगीला कोण फसवणार? तिला कुठे सही वाचता येते?"

मग तिने एल्मारला बादली खाली आणायला लावली, आणि तार्वोला स्वतः फोन केला. तिने गोडीगुलाबीने सांगितले नाही की आडवळणाने सांगितले नाही. म्हणाली, माळ्यावर तडा दिसतोय, तुळईला लागून, तू म्हणत होतास तसेच असेल कदाचित. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली की माफ कर. माझ्या आयुष्यात माझी माफी मागणारी ती पहिलीच. बाटली काढतानाही याकुपने मागितली नव्हती.

तार्वो संध्याकाळीच आला. कोट न काढता थेट वर गेला. माळ्यावरच्या लाकडी जमिनीखाली, थंडी अडवायला म्हणून, पूर्वीच्या लोकांनी जुनी वर्तमानपत्रे आणि भुसा भरला होता, आणि ती रेघ नेमकी तिथून हातभर अंतरावर होती. तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा होता. हेल्यूने त्याच्यापुढे आंबट कोबी आणि डुकराच्या मांसाचे ताट ठेवले आणि पंपवाला कधी येईल असे विचारले. तो बराच वेळ जेवलाच नाही.

"बाबा गेले त्या वर्षी तू शिडीवरून पडली होतीस," तो म्हणाला. "मला ते कळलं एल्मारकाकांकडून, उन्हाळ्यात. मागच्या हिवाळ्यात तुला न्यूमोनिया झाला, तोही नंतरच कळला. आई, मला चुलीची भीती कधीच नव्हती. काही झालं तर तू सांगणार नाहीस, याची होती."

"आज सांगितलं," हेल्यू म्हणाली.

"हो. म्हणून म्हणतो, पंपवाला राहू दे. आधी ही रेघ बघू."

मग तो जेवला, आणि पुन्हा वाढून घेतले.

निरोप मिळताच पिरेट दुसऱ्याच दिवशी आली. तिने माझ्या पोटात ओला पेंढा पेटवला आणि धुराड्याचे वरचे तोंड ओल्या पोत्याने दाबून धरायला एल्मारला छपरावर बसवले. धूर कुठून निघतो ते पाहायचे होते. तो निघाला करंगळीएवढ्या रेघेतून, आणि फक्त तिथूनच. खालच्या सगळ्या विटा शाबूत होत्या. पिरेटने फरश्यांवर हात फिरवून सांगितले की ज्याने हे काम केले त्याने भरपेट लोणी खाऊन केले असणार. पण माळ्यावरचे धुराडे हिवाळ्यांनी थकले आहे, तेवढे उतरवून नव्याने बांधा. आणि तो पेपर-भुसाही धुराड्यापासून दूर काढा. हा हिवाळा पुरा व्हायच्या आत कधीतरी त्याने पेट घेतलाच असता, हे ती जाता जाता, आपले ब्रश गुंडाळताना बोलली. एल्मार कोपऱ्यातल्या चुन्याच्या बादलीकडे पाहत होता.

गवंडी आला, तार्वोने रजा काढली. एल्मारने विटा वर दिल्या आणि प्रत्येक विटेबरोबर सल्लाही दिला. त्या दिवसांत मला पेटवता येत नव्हते, आणि घरात अशी थंडी शिरली की बोलताना तोंडातून निघालेली वाफ टेबलावर पडून तिचे तुकडे व्हायचे. सकाळी हेल्यू ते केराच्या सुपलीत भरून टाकायची. तार्वो स्वतःच आणलेल्या हीटरला चिकटून, कोट-टोपी घालून जेवायचा. हेल्यूने त्याला एकदाही टोमणा मारला नाही. फक्त रोज विचारायची, हीटर छान आहे ना?

नवे धुराडे उभे राहिले, दोन दिवस अगदी बारीक जाळ करून वाळले. तार्वोने त्याला स्वतः चुना लावला. पिरेटने सगळ्या विटा आधी पाहून घेतल्या होत्या, म्हणून या वेळी तो कोणी अडवला नाही. मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी दाखला कंपनीकडे गेला. त्याच गोड आवाजाच्या मुलीने फोन करून हप्ता सांगितला. पूर्वीएवढा नाही, चूल ती चूलच, म्हणून थोडा जास्त. एल्मारच्या हिशेबाने एक पोते बटाटे आणि वर एक कोबी एवढा जास्त. हेल्यू म्हणाली, हरकत नाही, चूल जरा खातेच. आणि एल्मारने, कोणी विचारले नसताना, पिरेटचा नंबर मागून घेतला. त्याच्याकडे एक कपाट होते, त्याचे धुराडे तपासायचे होते.

सणाच्या संध्याकाळी गावातली पोरे उलटे कोट घालून, तोंडाला काजळी फासून आली, जमिनीवर धान्य उधळले आणि या घराला कधी थंडी शिवू नये असा आशीर्वाद गाऊन गेली. हेल्यूने त्यांना माझ्यावर वाळलेली सफरचंदे दिली. तार्वो तार्तूला परत जाणार होता, तो बाकावर पाठ टेकून बसला आणि पाच मिनिटांत घोरू लागला. त्याची शेवटची बस त्याच्याशिवाय गेली.

तर मित्रांनो, म्हाताऱ्या चुलीचे ऐका. घरातली जुनी वस्तू असो की जुने माणूस, पाहुणे येणार म्हणून त्यांच्यावर चुना चढवू नका. आणि चढवलाच, तर महिन्याभराने वर जाऊन पाहा, तो कुठे काळा तर पडला नाही. पडला असेल तर पुसू नका. ज्याला सांगायचे त्याला सांगा. तडा एवढा-तेवढाच असतो, लिंपता येतो. आम्ही काही मागत नाही. वर्षातून एकदा घसा साफ करा, राखेला झाकण घाला, सुकी लाकडे द्या, आणि विमा कंपनीला खरे सांगा, म्हणजे तीही शांत झोपेल.

आता तार्वो महिन्यातून एकदा येतो आणि चहाच्या आधी शिडी चढतो. हेल्यू खाली उभी राहून वाट पाहते. वर टॉर्च फिरतो, जुन्या फळ्या करकरतात, आणि मग त्याचा आवाज येतो.

"पांढरं आहे, आई."

"मग ये खाली," ती म्हणते, आणि माझ्या पोटात आणखी एक लाकूड सारते.